ओदुंगा बेटावरच्या मच्छरदाण्या

सोमवार, ६ मे

पोचलो एकदाचे! होमा बे शहराहून जाबेस नावाड्याच्या होडीने सरोवरातून चार तास. माझी लेक अविनो सगळी वाट गाणी म्हणत आली आणि किनारा दहा हातांवर राहिला तेव्हा नेमकी जाबेसच्या बुटांवर ओकली. मला कुठे तोंड लपवू असं झालं. पण तो गडी हसत सुटला. म्हणाला, सिस्टर, आमच्या बेटावर येणारा प्रत्येक जण काहीतरी देऊनच उतरतो, हिने निदान सकाळची पेज तरी दिली.

घर मला फार आवडलं. दवाखान्याला लागून दोन खोल्या, वर पत्रा, चुना मारलेल्या भिंती आणि, देवा तुझे उपकार, दाराला कडी असलेला स्वतंत्र संडास. आधीची नर्स न्हाणीत एक कंगवा विसरून गेली होती, त्यात तिच्या केसांचा बोळा. तो मी काटकीने उचलून लांब भिरकावला आणि जमीन तीनदा जंतुनाशकाने पुसली. नवरा म्हणतो, तुला नाक जरा जास्तच आहे. असेल. तो मोम्बासाच्या गोदीत खोकी उतरवतो, त्याला नाकाचं काय.

वास मात्र आहे. सगळ्या किनाऱ्यावर ओमेना वाळत घातलेत, बोटभर लांबीचे चंदेरी मासे, आणि तेही फाटक्या मच्छरदाण्या अंथरून त्यांवर. मी नाक मुरडलेलं पेरेसने पाहिलं. पेरेस ही इथली आरोग्यसेविका, माझ्या हाताखालची. दवाखान्याच्या दारात मासे तळून विकते आणि त्याच हाताने औषधं वाटते. म्हणाली, वासाला नावं ठेवू नका, आठवड्यात तो तुमच्याही केसांना येईल. मग तिने आम्हाला मक्याच्या पिठाची घट्ट उगाली आणि एवढा मोठा मासा खाऊ घातला की अविनो ताटावरच पेंगली.

झोपण्याआधी आधीच्या नर्सची नोंदवही चाळली आणि मला नाचावंसं वाटलं. प्रत्येक घर, प्रत्येक पलंग: मच्छरदाणी लावलेली, रोज वापरात. एकही घर सुटलेलं नाही! अकरा वर्षांच्या नोकरीत मी मच्छरदाणीची कोंबड्यांची खुराडी पाहिली, गोलपोस्ट पाहिले, वाटाण्याच्या वाफ्याची कुंपणं पाहिली, एका नवरीच्या डोक्यावर ओढणी म्हणून पाहिली. पलंगावर पाहायची म्हणजे नशीब लागतं. गेल्या वर्षी अविनोला मलेरिया डोक्यात गेला, तेव्हा तीन दिवस तिला परक्यांचं रक्त चढत होतं आणि तिचे ओठ चुलीतल्या राखेच्या रंगाचे झाले होते. चार वर्षांची पोर, माझं नावही तिला आठवेना. तेव्हापासून मी मच्छरदाणीच्या बाबतीत वेडी आहे. या बेटावर वेड्यांचंच गाव भेटलं म्हणायचं.

मंगळवार, ७ मे

आज चौदा घरं केली. नोंदवही खोटी नाही. प्रत्येक घरात पलंग, त्यावर मच्छरदाणी, कड सगळ्या बाजूंनी गादीखाली खोचलेली, भर दुपारीसुद्धा. काही ठिकाणी तर कडेवर विटा ठेवल्या आहेत. मी शिकवायला गेले आणि माझ्यापेक्षा घट्ट खोचतात!

फक्त त्यांच्यात झोपत कुणी नाही. माणसं बाहेरच्या खोलीत लव्हाळ्याच्या चटईवर झोपतात, उघडी, डासांना आमंत्रण देऊन. का म्हणून विचारलं की हसतात. एक म्हातारी म्हणाली, पलंगावर पाहुणे निजतात, बाई. सगळ्या घरांत पाहुणे?

आणि ते हात. बायकांचे डावे हात मनगटापासून कोपरापर्यंत खपल्यांनी भरलेले, ठिपक्याला ठिपका लागलेला. काही ताजे, काही पिकलेले. दोर्सिला नावाच्या विधवेच्या हातावर एवढ्या खपल्या की कातडी मगरीच्या पाठीसारखी झाली आहे, आणि त्याच हाताने तिने मला चहा दिला. मी प्यायले. कसा प्यायले माझं मला माहीत. तिच्या पलंगावरची मच्छरदाणी कधीकाळी निळी असावी, आता शेवाळ चढल्यासारखी तपकिरी. मी म्हटलं, मी धुऊन देते. तिने माझं मनगट धरलं, हळूच, पण सोडलं नाही. म्हणाली, तो नवऱ्याचा पलंग आहे, सिस्टर. नवरा आठ वर्षांपूर्वी बुडाला म्हणे.

घरी येऊन हात कोपरापर्यंत तीनदा धुतले.

गुरुवार, ९ मे

नव्या मच्छरदाण्यांचा गठ्ठा फोडला. तासाभरात संपला. बायका अशा तुटून पडल्या की मला टेबलावर चढून ओरडावं लागलं. शेवटची एक मी अविनोसाठी काढून ठेवली. घरून आणलेल्या जुन्या मच्छरदाणीत आम्ही दोघी मावत नाही, ती झोपेत लाथा झाडते.

वाटताना नेहमीचं सांगितलं: नवी मच्छरदाणी पाकिटातून काढली की एक दिवस बाहेर सावलीत वाऱ्यावर टांगा, म्हणजे औषधाचा उग्रपणा जातो, नाहीतर डोळे चुरचुरतात. एक पोरगी खुदकन हसली, तिला शेजारणीने कोपर मारलं. पेरेसने पुढचं नाव पुकारलं. वाटलं, असेल काही गावठी भानगड.

शुक्रवार, १० मे

आज चिलटं आली. सरोवरावरून काळ्या धुराचे लोट उठावेत तशी, आभाळापर्यंत. लहानपणापासून पाहत आले आहे, दिसायला डासासारखी पण चावत नाहीत, तरी दर वेळी शिसारी येते. डोळ्यांत, नाकात, पातेल्यात. अविनोच्या दुधावर साय धरावी तसा थर. भिंत हाताने पुसली की हिरवट लगदा निघतो आणि त्याला कुजक्या पाण्याचा वास येतो.

इथे एक गोष्ट पाहिली. माणसं दारं लावून घेत होती आणि मिलका किनाऱ्याकडे निघाली होती. गेल्या महिन्यात जिचा नवरा बुडाला ती पोरगी, बावीस-तेवीस वर्षांची. माझ्याकडून काल नेलेली मच्छरदाणी तिने दोन वल्ह्यांना बांधून पाण्याकडे तोंड करून उभी केली. लोट आला आणि आत शिरला. भरला, भरला, पिशवी फुगली. मग तिने तोंड बांधलं आणि धुण्याचं बोचकं न्यावं तसं डोक्यावर घेऊन घरी गेली. वर डोक्यावर ते बोचकं घोंघावत होतं आणि ही रडत हसत चालली होती.

मी पेरेसला विचारलं, खाता की काय तुम्ही हे? कुठे कुठे चिलटांच्या वड्या करतात असं ऐकलं आहे. पेरेस म्हणाली, आपलं माणूस कुणी खातं का.

मग ती माझ्या घरामागे आली आणि तारेवर अविनोची नवी मच्छरदाणी पाहून तिचा चेहरा पडला. सकाळपासून टांगली होती, सरोवराच्या बाजूला, तिथेच सावली असते. चिलटं आत भरली होतीच. मी झटकली, दोनदा झटकली. पेरेसने विचारलं, तुमचं कुणी पाण्यात गेलंय का, सिस्टर? मी म्हटलं, कुणी नाही, आमच्याकडे सगळे अंथरुणात मरतात. ती हसली नाही. निघून गेली, तळायचे मासे तसेच टाकून.

रविवार, १२ मे

अविनोला स्वतःचा पलंग मिळाल्याचा कोण आनंद. पण सकाळी तिच्या मच्छरदाणीच्या आत डास. बाहेर नाही, आत. टच्च फुगलेले, तांबडे, उडताही येत नव्हतं त्यांना. सतरा मारले. तळवे रक्ताने भरले आणि ते रक्त माझ्या पोरीचं. त्याला माशाचा वास येत होता. साबण, राख, लिंबू, सगळं करून झालं, वास जात नाही.

जाळी उजेडासमोर धरून इंच इंच तपासली. एक भोक नाही. कडा मीच खोचल्या होत्या. अविनोच्या डाव्या हातावर ठिपके, एका ओळीत, शिवण घातल्यासारखे. मलेरियाची पट्टी लावली, काही निघालं नाही. ती म्हणते, आत कुणीतरी गुणगुणतं आणि ते छान वाटतं.

मंगळवार, १४ मे

काल तेहतीस मारले. आज मोजले नाहीत.

दुपारी सरळ दोर्सिलाच्या घरी गेले आणि म्हटलं, मला दाखवा. ती म्हणाली, पोर लहान आहे तुझी, बघ मग.

तिने बाही वर सारली. मच्छरदाणीची कड वीतभर सोडवली आणि चुलीत लाकूड सारावं तसा डावा हात कोपरापर्यंत आत सारला. गादीवर मळकट तपकिरी काहीतरी होतं, मी गोधडी समजले. गोधडी हलली. तो खांदा होता. कुशीवर निजलेल्या माणसाचा खांदा, कंबर, दुमडलेला गुडघा, सगळा त्या किड्यांचाच, एकावर एक बसलेले, पंखाला पंख, पायात पाय. छाती वर-खाली होत होती. डोकं हाताकडे सरकलं. त्याला तोंड नव्हतं. तोंडाच्या जागी किडे जास्त दाट झाले, एवढंच. आणि चोखल्याचा आवाज. वासरू चोखतं तसा, ओला.

दोर्सिला म्हणाली, हा माझा ओगोला. जिवंतपणी काय भांडायचा गं, आता कसा गरीब झालाय बघ. आणि दुसऱ्या हाताने तिने बाहेरून जाळीवरून त्याचा खांदा थोपटला.

मी अंगणात जाऊन ओकले. पोटात काही उरलं नाही तरी ओकत राहिले. तिने पाणी आणून दिलं, त्याच हाताने.

माझ्या माहेरी, अलेगोत, बुडालेल्याचं प्रेत सापडलं नाही तर यागोच्या झाडाचं फळ कापडात गुंडाळून, रीतसर रडून पुरतात. मग माणूस थांबतो. मी तिला विचारलं, तुम्ही यागो का पुरत नाही? म्हणाली, पुरलं की संपलं. इथे निदान संध्याकाळी कुणीतरी वाट बघतं.

बुधवार, १५ मे

पेरेसला पकडलं. सगळं ओकायला लावलं. चिलटांच्या वेळी पाण्याकडे तोंड करून जाळी उभी करणं म्हणजे हाक मारणं. ज्याचं गेलंय तो हाक मारतो आणि त्याचं माणूस येतं. मग त्याला पलंग द्यायचा, हात द्यायचा, कड कधी मोकळी सोडायची नाही. मी हाक मारली, पण माझं तर पाण्यात कुणीच नाही. मग आलं ते कुणाचं? पेरेस म्हणाली, ज्याच्यासाठी कधीच कुणी जाळी धरली नाही, असं कुणीतरी. बेवारशी. त्याला घर दिलंत तुम्ही, आणि घरात आधी भेटली पोर.

मी किंचाळले की आधी का नाही सांगितलं. ती म्हणाली, सांगितलं असतं तर वहीत लिहिलं असतंत. वर म्हणाली, आता तरी पोरीला बाजूला घ्या आणि तुमचा हात द्या, तो मोठ्या हातावर समाधान मानेल. माझा हात! त्या घाणीला!

मी मच्छरदाणी घड्या घालून, आत जे होतं त्यासकट, दवाखान्यामागे रॉकेल ओतून जाळली. जाळी वितळून थेंब थेंब गळत होती आणि आतून तडतड, मोहरी फुटावी तशी. केस जळल्याचा, मासा जळल्याचा वास. पेरेस लांबून ओरडत होती, उघड्यावर नको, उघड्यावर नको. धूर घराकडे वळला. अविनो दारात उभी होती, खोकत, तोंड उघडं. मी ओरडले आत जा म्हणून.

संपलं. आज पोरीला कुशीत घेऊन माझ्या जुन्या मच्छरदाणीत झोपेन.

गुरुवार, १६ मे

सकाळी अविनो खिदळत उठली. म्हणते छातीत गुदगुल्या होतात.

स्टेथोस्कोप लावला. ठोके आहेत. ठोक्यांच्या मागे गुणगुण. एकसारखी, न थांबणारी. स्टेथोस्कोप माझ्या छातीला लावला, भिंतीला लावला, पुन्हा तिला लावला. तिच्यातच आहे.

तपासणीसाठी बोटाला सुई टोचली. रक्त आलं नाही. दाबलं. भोकातून आधी एक ओला पंख आला. मग पाय, एक-एक करून. मग सगळा बाहेर आला, माझ्या पोरीच्या बोटाच्या टोकावर बसला, तोंड पुसलं आणि उडाला. अविनोने टाळ्या वाजवल्या.

आपल्याच मुलीची किळस येते हे लिहिताना लाज वाटते. आली. मी तिचं बोट सोडलं आणि दोन पावलं मागे सरले, आणि तिने ते पाहिलं.

शुक्रवार, १७ मे

तिचे ओठ पुन्हा राखेचे. नखं पांढरी. ते आतून पितंय.

होमा बेला नेऊन रक्त चढवायलाच हवं. जाबेसच्या पाया पडले. तो रडला, पण होडी काढीना. म्हणाला, सिस्टर, भर सरोवरात त्याला पाणी आठवलं तर आपण सगळेच उद्या कुणाच्या तरी मच्छरदाणीत. बाकीच्यांनी तर वल्हीच लपवली. टेकडीवर चढून कार्यालयात फोन केला. साहेबांनी विचारलं, ताप आहे का? नाही. मलेरिया निघाला का? नाही. मग लेखी पाठवा म्हणाले.

ती मला आज दोनदा नुसतं बाई म्हणाली. आई नाही.

शनिवार, १८ मे

दुपारी बायका आल्या. पेरेस, दोर्सिला, मिलका. माझी घरून आणलेली मच्छरदाणी उतरवून त्यांनी अविनोच्या पलंगावर बांधली. एवढी एकच उरली होती बेटावर रिकामी. पोरीला आत निजवलं, कडा खोचल्या, विटा ठेवल्या. पेरेस म्हणाली, आता बोलवा त्याला. मोठा हात दाखवा, येईल.

मी बाही वर केली. मला वाटलं होतं मी भांडेन. नाही भांडले. कडेखालून हात आत घातला आणि डोळे मिटले. दोर्सिलाने माझं डोकं धरून म्हटलं, डोळे उघडे ठेव, पोर बाहेर काढायची आहे तुला.

नाकातून आले आधी. मग तोंडातून, दोरी ओढावी तसे, थांबेचनात. कानातून. डोळ्यांच्या कोपऱ्यातून, आसवांना धरून. अविनो आचके देत होती आणि ते तिच्या अंगावरून चालत माझ्या हातावर आले. हात दिसेना. दुखत नाही. हेच सगळ्यात घाण आहे, दुखत नाही. कोमट, ओलसर, बाळ अंगावर पितं तसं वाटतं. माझ्या छातीत पान्हा आल्यासारखं झालं. शी!

शेवटचा बाहेर पडला तशी मिलकाने अविनोला दुसऱ्या बाजूने ओढून काढलं आणि कड खोचली. पोर रडली. मला आई म्हणाली. संध्याकाळी अर्धी वाटी पेज खाल्ली, ओठांवर रंग आहे.

पलंग त्याला. आम्ही चटईवर.

सोमवार, २० मे

अविनो बरी आहे. हुंदडते. त्यासाठी हे सगळं.

दिवसाला दोनदा. आधी वाटीभर पाणी पिते, मग बसते. आज नोंदवहीत माझ्या घरासमोर लिहिलं: मच्छरदाणी लावलेली, रोज वापरात. खोटं काय आहे त्यात? आधीच्या बाईनेही असंच खरं-खरं लिहिलं असणार. तिची कीव आली, मग स्वतःची आली नाही.

खपल्यांना वास येतो. पेरेस सांगते तेल लावा. तिने स्वतःची बाटली दिली. म्हणाली, माझा मुलगा सहा वर्षांचा होता, तो अजून सहाचाच आहे. मग भज्यांसारखे मासे तळत बसली. मला पहिल्यांदा तिच्या हाताकडे नीट बघावंसं वाटलं.

चटईवर आम्हाला साधे डास फोडून काढतात. अविनोला मी माझा झगा आणि चादर गुंडाळते, पायांत मोजे. माझ्यासाठी उरत नाही काही. दुसरी मच्छरदाणी मागायची कुणाकडे? सगळ्या भरलेल्या आहेत.

बुधवार, २२ मे

मोठा होतोय. आधी पोरीएवढा होता. आज पाय पलंगाच्या पायथ्याला लागले. पुरुष आहे. खांदे रुंद.

दोर्सिलाचा नवरा भिंतीकडे तोंड करून निजतो. हा आमच्याकडे.

किती प्यावं त्याने! उठताना भिंत धरावी लागते. अविनो त्याला सकाळी नमस्कार करते, तशी आपल्या बाहुलीलाही करते. आज विचारत होती, माझा नंबर कधी. मी तिच्या मुस्काटात मारली. आयुष्यात पहिल्यांदा. मग दोघी रडलो.

हुडहुडी भरते आहे. सकाळी सरोवरावर धुणं धुताना पाण्यात भिजले, त्यामुळे असेल.

गुरुवार, २३ मे

पाण्याने नाही. पट्टी लावली. दोन रेघा. मलेरिया. मला! मच्छरदाणीवाल्या सिस्टरला—

गोळ्या घेतल्या, ओकले. पुन्हा घेतल्या, ओकले. ओकारीत काय होतं ते लिहीत नाही.

दुपारी हात आत घातला. तो आला. वास घेतल्यासारखं केलं. परत गेला.

पुन्हा घातला. नाही. तापलेलं रक्त चालत नाही त्याला. एवढी खोड! बेवारशी, आणि नखरे—

उपाशी आहे. गुणगुण वाढली. पत्रा थरथरतो तिने.

पेरेसला हाक मारते आहे, आवाज निघत नाही. होड्या गेल्यात. सगळ्या किनाऱ्यावर, ओमेना उलटवायला. येतील संध्याकाळी.

शुक्रवार, २४ मे

रात्री कुणी आलं असावं. पाणी ठेवलंय. की अविनोने—

पाय उचलत नाहीत. चटईपासून पलंग चार हात. सरपटत दोन झाले. मग काळोखी.

ऊन आहे बाहेर. दार उघडं. अविनो म्हणते, आई, तो रडतोय. तिला म्हटलं बाहेर जा, पेरेसकडे जा, पळ. गेली नाही. म्हणते, तू आजारी आहेस ना, मी करते.

नको गं

अविनो वीट काढतेय. एक. मी ओरडते आहे, वाटतं तरी मला ओरडते आहे असं, ती मागे वळतच नाही—

बाही वर करतेय. माझ्यासारखीच, तीन घड्या घालून. एवढासा हात—

अविनो इकडे बघ, आईकडे, आई उठली बघ, उठते मी, हे बघ मी

तो कडेशी आलाय. तिने कड